लेकीकडे आठ दिवस : एक हिशोब, एक व्रत



पर्युषण शांतपणे पार पडलं. संवत्सरीला तुमच्यापैकी बऱ्याचजणींचे क्षमापनेचे निरोप आले, मन भरून आलं. त्यात एकीने हळूच विचारलं होतं, “ताई, तुम्ही ब्राझीलला चाललात असं ऐकलं, खरं का? तुम्ही तर दिशा परिमाण व्रत घेणार होतात ना?”

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दोन्ही एकत्र कशा बसल्या, ते आज सविस्तर लिहिते. तुमच्यापैकी अनेकींची मुलं लांब आहेत, काहींच्या मनात व्रताचा विचार आहे, आणि पैसे मोजून खर्च करायची सवय तर आपल्या सगळ्यांनाच आहे. कुणाला तरी उपयोग होईल.

आमची धाकटी गेली दोन वर्षं ब्राझीलमध्ये आहे. जावई समुद्रातल्या तेलविहिरींना सामान पोचवणाऱ्या जहाजावर असतात. चार आठवडे समुद्रात, चार आठवडे घरी. त्यांचं घर रिओ द जानेरोच्या समोरच्या काठावर, नितेरॉय नावाच्या गावात आहे. गाव कसलं, शहरच आहे. पहिल्यांदा तिने नकाशा पाठवला तेव्हा हे चष्मा वर करून म्हणाले, “अगं, ही तर मुंबई आणि मांडवा!” खरंच तसंच आहे. मध्ये ग्वानाबाराची खाडी, एका काठाला मोठं शहर, दुसऱ्या काठाला हिचं घर, आणि मधून लाँच. फरक इतकाच की तिकडची लाँच वीसेक मिनिटांत पोचवते आणि आपली गेटवेची तासभर घेते. शिवाय तिथे १९७४ पासून खाडीवर तेरा किलोमीटरचा पूल आहे. आपल्याकडे २०२० मध्ये भाऊच्या धक्क्याहून रो-रो सुरू झाली तेव्हा आम्ही पेढे वाटले होते.

आमच्या लेकीने अकरावीपासून मांडव्याची पहिली लाँच पकडून कॉलेज केलं. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद झाल्या की मावशीकडे मुंबईत राहायची. त्यामुळे लाँचमधून बाजारहाट करायला तिला काही विशेष वाटत नाही. फोनवर नेहमी हसून सांगायची, “आई, मी अजून मांडव्यातच आहे, फक्त भाषा बदलली.”

मग फाल्गुन आला. तिला दिवस गेले होते, चौथा महिना लागायच्या आतच ते गेलं. जावई तेव्हा समुद्रात. शेजारची एक बाई दवाखान्यात घेऊन गेली. आम्हाला तिने हे महिन्यानंतर सांगितलं. “तुम्ही काय करणार होतात एवढ्या लांबून, म्हणून नाही सांगितलं,” म्हणाली. आणि मग, नेहमी हसणारी पोर, थोडा वेळ काहीच बोलली नाही. शेवटी म्हणाली, “आई, आठ दिवस ये ना. फक्त आठ दिवस.”

आता माझी अडचण सांगते. आमच्या बांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पन्नाशीत दिशा परिमाण व्रत घेतलं होतं. श्रावकाच्या बारा व्रतांतलं हे सहावं. कोणत्या दिशेला किती लांब जायचं याची मर्यादा आखून घ्यायची आणि आयुष्यभर पाळायची. जिथे आपण जाणारच नाही, तिथल्या आरंभ-समारंभाचं पाप आपल्याला लागू नये, हा त्यामागचा भाव. बांनी समुद्राच्या दिशेला मांडव्याहून मुंबईपर्यंत एवढीच मर्यादा ठेवली होती. त्या म्हणत, “दुकान, देरासर, माहेर, सगळं इकडेच. समुद्रापलीकडे माझं काय आहे?”

पण त्यांचे थोरले भाऊ मोंबासाला होते. तरुणपणी व्यापारासाठी गेलेले, तिथेच स्थायिक झालेले. १९८८ मध्ये ते आजारी पडले. ह्यांनी तिकिटाची सोय करतो म्हटलं. बा नाही म्हणाल्या. व्रत घेताना त्यांनी कोणताही आगार, म्हणजे सूट, ठेवली नव्हती. भाऊ गेले त्या दिवशी त्या संध्याकाळपर्यंत धक्क्यावर नवकारवाळी घेऊन बसून होत्या. मी तेव्हा नवी सून, कडेवर थोरला. त्यांना घरी चला म्हणायचं धाडस झालं नाही.

खूप वर्षांनी, शेवटच्या आजारपणात, त्या मला म्हणाल्या, “व्रत मोडलं नाही याचं समाधान आहे. पण घेताना हिशोब नीट मांडला नाही. भाऊ तिकडे आहे हे माहीत असून त्या दिशेला शून्य लिहिलं. तू लिहिशील तेव्हा आधी नीट बघून लिही.”

मी बी.कॉम. झालेली. हिशोब शब्द आला की तो लक्षात राहतो. हे व्रत मी या चातुर्मासाआधी घ्यायचं, असं दोन वर्षांपूर्वीच ठरवलं होतं. आणि नेमकं तेव्हाच लेकीने बोलावलं.

पहिल्यांदा मनात आलं ते सांगायला लाज वाटते, तरी सांगते. वाटलं, आधी जाऊन येऊ, मग व्रत घेऊ. दुसरा विचार त्याहून वाईट. पूर्वेला मी सम्मेतशिखरापलीकडे कधी जाणार नाही, मग पूर्वेची उरलेली मर्यादा पश्चिमेला जोडून घेता येईल का? साध्वीजींना हे विचारलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, “यालाच क्षेत्रवृद्धी म्हणतात. व्रत घेतल्यानंतर एका दिशेचं दुसऱ्या दिशेला वळवणं हा अतिचार आहे.” मला एकदम ऑडिटची आठवण झाली. एका खात्याची तरतूद दुसऱ्या खात्यावर परस्पर वळवता येत नाही. शास्त्रकारांनी या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. वर, खाली आणि आडव्या दिशेला मर्यादा ओलांडणं हे तीन, क्षेत्रवृद्धी हा चौथा, आणि आपण किती मर्यादा घेतली होती तेच विसरणं हा पाचवा. हा पाचवा माझ्या वयाला फार लागू आहे, म्हणून मी सगळं वहीत लिहून ठेवते.

साध्वीजी पुढे म्हणाल्या, “परिमाण म्हणजे माप. माप घेण्याआधी काय मोजायचंय ते बघा. तुमची लेक पश्चिमेला आहे, तर तसं लिहा. पण मग तिथून पुढे एक पाऊलही नाही, हे जमेल का, ते स्वतःला विचारा.” उपासकदशांगातल्या आनंद श्रावकाने आपलं धन, गोधन, जमीन सगळं मोजून मर्यादा घेतली. नाही म्हणण्याआधी त्यानेही आधी मोजलंच होतं.

मग मी वही उघडली आणि मोजायला बसले.

आधी पैसे. पोस्टातली माझी आवर्ती ठेव होती, मुलांना अकाउंट्सच्या शिकवण्या घेऊन जमवलेली. मुदत संपून दोन लाख आले होते. ह्यांच्याकडून एक पैसाही घ्यायचा नाही आणि दोन लाखांच्या वर जायचं नाही, हे पहिल्या ओळीत लिहिलं. त्यातले दहा टक्के अडीअडचणीसाठी बाजूला काढून ठेवले. उरलेल्यात तिकीट, व्हिसा, प्रवासविमा, लस, आणि तिथला किरकोळ खर्च.

मुंबईतल्या एका एजंटाने मला ‘ब्राझील दर्शन’ दाखवलं. पाच शहरं, धबधबा, हॉटेलं, सगळं मिळून माझ्या ठेवीच्या अडीचपट. मी म्हटलं, मला दर्शन लेकीचं घ्यायचंय. त्यानंतर त्यांनी फोन उचलणं बंद केलं. शेवटी माझ्या भाच्याने आणि मी कॉम्प्युटरवर बसून सगळं शोधलं.

मुंबईहून ब्राझीलला थेट विमान नाही. आफ्रिकेतून जाणारं तिकीट स्वस्त पडत होतं, पण ते साओ पावलोला उतरवतं. ब्राझीलमध्ये जिथे पहिल्यांदा उतराल तिथेच आपलं सामान काढून, कस्टममधून जाऊन, पुढच्या विमानात पुन्हा द्यावं लागतं. चौसष्टाव्या वर्षी, एकटीने, दुखऱ्या गुडघ्याने हे नको वाटलं. दुबईवरून रिओला सरळ जाता येतं, बदल एकच. पैसे थोडे जास्त गेले, पण तिथे मी काटकसर केली नाही. विमानतळावर चाकाची खुर्ची मागितली तर त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत, तिकीट काढतानाच सांगायचं. आपल्यातल्या कितीजणी संकोचाने मागत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

नाताळ आणि त्यांच्या कार्निव्हलच्या आसपास तिकिटं फार चढतात. माझं गणित वेगळं होतं. चातुर्मासात जायचं नाही, म्हणजे कार्तिकी पौर्णिमेनंतर. मार्गशीर्षातला पहिला आठवडा ठरला. नाताळची गर्दी त्यानंतर, म्हणजे तिथी आणि तिकीट दोन्ही जमलं.

निघायच्या दिवसाचं आधीच सांगून ठेवते, कारण आपल्या किनाऱ्यावरच्या बायका यात फसतात. विमान पहाटेचं असलं तरी आदल्या संध्याकाळच्या शेवटच्या लाँचच्या भरवशावर राहायचं नाही. वारा सुटला, लाँच रद्द झाली, की सगळंच गेलं. मी एक दिवस आधीच दुपारच्या लाँचने बहिणीकडे जाणार आहे.

आता लसीचं. ब्राझीलहून परत येताना आपल्याकडे पीतज्वराची लस घेतल्याचा दाखला मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. ही लस सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांतच मिळते, आणि घेतल्यानंतर दहा दिवसांनी दाखला लागू होतो, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. दुसरी गोष्ट, साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेताना धोका थोडा वाढतो, म्हणून आपल्या डॉक्टरांना आधी दाखवायचं. मी दाखवलं. त्यांनी माझी सगळी औषधं तपासली, रक्त तपासलं, आणि घ्या म्हणाले.

तिसरी गोष्ट मला डॉक्टरांनीच सांगितली, कारण त्यांना आपलं माहीत आहे. ही लस कोंबडीच्या अंड्यातल्या भ्रूणावर तयार करतात. त्या रात्री मला झोप लागली नाही. हे म्हणाले, जाऊ नकोस मग. मी पुन्हा साध्वीजींकडे गेले. त्यांनी ‘घे’ही म्हटलं नाही आणि ‘घेऊ नको’ही म्हटलं नाही. एवढंच म्हणाल्या, “जे कराल ते डोळे उघडे ठेवून करा, आणि झाल्यावर आलोचना करा.” मी लस घेतली. त्यानंतर तीन आयंबिल केले. कुणाला हे चूक वाटेल, कुणाला जास्त वाटेल. तुमच्यापासून लपवायचं नाही म्हणून सांगितलं. यात मला काही मिरवायचं नाही.

खाण्यापिण्याबद्दल सगळ्यात जास्त प्रश्न येतात, तर तेही सांगते. विमानात ‘हिंदू’ किंवा नुसतं ‘व्हेज’ जेवण मागू नका. जैन जेवणाचं वेगळं नाव असतं, व्हीजेएमएल. ते तिकिटावर आधी नोंदवून ठेवावं लागतं, आणि निघण्याआधी पुन्हा एकदा फोन करून खात्री करावी.

चोविहाराची एक गंमत आहे. दुबईहून सकाळी निघून पश्चिमेकडे चौदाएक तास उडत राहायचं, म्हणजे विमान सूर्याच्या मागे धावतं. घड्याळात रात्र होते आणि खिडकीत दिवसच. रिओत उतरताना तिथली दुपार उलटलेली असते. इतका लांब दिवस मिळाला म्हणून खात बसायचं का? मी त्या दिवशी एकासणं धरलंय. परत येताना उलटं, रात्र लवकर येते, म्हणून उपवास. तिथे आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे. मार्गशीर्षात तिथे उन्हाळा सुरू झालेला असतो, सूर्यास्त संध्याकाळी सव्वासहाच्या पुढे. लेक म्हणाली, “तुझ्यासाठी सहाला ताट वाढेन.” आषाढात गेले असते तर तिथे हिवाळा, सव्वापाचलाच दिवस मावळतो.

तिथल्या माणसांचं रोजचं जेवण म्हणजे भात आणि काळ्या घेवड्याची उसळ. ऐकून आनंद झाला होता, पण त्या उसळीत बहुतेक ठिकाणी मांसाचे तुकडे टाकतात. ‘मांस नको’ म्हटलं तरी कोंबडी आणि मासे त्यात धरत नाहीत, ते वेगळं सांगावं लागतं. वजनावर जेवण देणारी हॉटेलं तिथे खूप आहेत आणि स्वस्तही आहेत, पण माझ्या उपयोगाची नाहीत. मी लेकीच्याच स्वयंपाकघरात जेवणार, खर्च वाचला आणि दोषही. तिच्या आठवडी बाजारात भेंडी, भोपळा, मका, कोबी, ओले नारळ, छोले, मसूर सगळं मिळतं. चीज घेताना मात्र रेनेट विचारावं लागतं. मी बरोबर नेणार ते खाखरा, मुगाची डाळ, कोरडे मसाले, सुंठ, आणि मेथीचा मसाला, सगळं दुकानातलं बंद पाकीट. फळं, भाज्या, बी-बियाणं न्यायचं नाही, तिथल्या विमानतळावर काढून घेतात.

साबुदाण्याबद्दल लिहायलाच हवं. आपल्याकडे शेजारणी उपवासाला साबुदाणा खातात आणि आपण खात नाही, तेव्हा त्या विचारतात का. साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याचं मूळ ब्राझीलच्याच बाजूचं. तिथे त्या कंदाचं पीठ भाजून जवळजवळ प्रत्येक जेवणावर भुरभुरतात. म्हणजे तिथे गेलं की जे मी इथे आयुष्यभर टाळलं, ते जिकडेतिकडे. पण काजूही तिथलाच. पोर्तुगीज लोकांनी तो आपल्या किनाऱ्यावर आणला, नावासकट. अननसही तिकडचा, मिरची आणि शेंगदाणाही त्याच खंडातले. आणि आपल्याकडचा आंबा, फणस त्यांनी तिकडे नेला. रिओच्या वरच्या डोंगरातलं जंगल कॉफीच्या मळ्यांसाठी तोडलं होतं, ते १८६१ पासून पुन्हा झाडं लावून उभं केलं. आता त्यात फणस इतके माजलेत की तिथले लोक वैतागलेत. लेक म्हणाली, “आई, आपला फणस इथे उपरा आहे.” मी म्हटलं, तो उपरा नाही गं, फार दिवस राहिलेला पाहुणा आहे.

सगळंच गोड नाही. तिथली पांढरी, वशिंडाची गुरं आपल्या ओंगोल जातीची आहेत, आपल्याकडूनच नेलेली. कशासाठी वाढवतात ते लिहवत नाही. ते दिसलं तर मी नजर फिरवणार नाही, मनातल्या मनात नवकार म्हणेन, एवढंच ठरवलंय.

भाषेची भीती वाटत होती, म्हणून आम्ही दोघं आषाढाआधी एका रविवारी कोर्लईला जाऊन आलो. मांडव्याहून अलिबाग, तिथून रेवदंडा, आणि खाडीवरचा पूल ओलांडला की कोर्लई, चाळीसेक किलोमीटर. रेवदंडा आणि चौल इथे पोर्तुगिजांनी दोनशे वर्षांहून जास्त काळ पाय रोवले होते, मराठ्यांनी १७४० मध्ये ते घेतलं. पण कोर्लई गावातली ख्रिस्ती माणसं आजही घरात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली आपली वेगळी भाषा बोलतात. किल्ल्याखालच्या एका ओट्यावर दोन आज्या मासळी निवडत बोलत होत्या. मासळीमुळे मी लांबच उभी होते, पण कान तिकडे. शब्द कळत नव्हते, पण चाल मात्र आपल्याच किनाऱ्याची. मनातली भीती गेली. लेकीने नंतर फोनवर आठवण करून दिली की चावी, बादली, पगार, पाव, फीत, घमेलं हे सगळे शब्द आपल्याला पोर्तुगिजांकडूनच मिळालेत. “फक्त अननस तेवढा अननस म्हणू नकोस,” म्हणाली, “इथे त्याला अबकाशी म्हणतात.”

आता आठ दिवसांत बघणार काय? खरं सांगू, समुद्र बघायला मांडव्याहून कुणी ब्राझीलला जात नाही. त्यामुळे कोपाकबानाचा किनारा यादीतून पहिला गेला. रोज सकाळी सामायिक, मग लेकीबरोबर बाजार. दोनदा लाँचने पलीकडे. त्या धक्क्याजवळच जुना राजवाडा आहे, तिथे १३ मे १८८८ रोजी राजकन्या इझाबेलने गुलामगिरी बंद करणाऱ्या कायद्यावर सही केली. ते मला बघायचंय. दुसरी जागा बोटॅनिकल गार्डन, १८०८ मध्ये पोर्तुगालचा राजपुत्र तिथे राहायला आला तेव्हाचं. उंच डोंगरावरच्या येशूच्या मोठ्या पुतळ्याकडे जंगलातून दात्यांच्या रुळांवर चालणारी आगगाडी जाते, त्यावर एकदाच खर्च करणार, लेकीला ती फार आवडते म्हणून. तारेवरून जाणाऱ्या पाळण्याचा डोंगर नितेरॉयच्या काठावरून फुकट दिसतो. सोन्याचं काहीही अंगावर घालायचं नाही, मंगळसूत्रही इथेच ठेवून जायचं, अशी तिची सक्त ताकीद आहे. रस्त्यात फोनसुद्धा हातात धरायचा नाही.

जावयांनी प्रेमाने सांगितलं, “आई, एवढ्या लांब येताय तर इग्वासूचा धबधबा दाखवतो, तिकीट माझ्याकडून.” मला मोह झाला. धबधब्याचे फोटो पाहून तर फारच. तेव्हा साध्वीजींचा प्रश्न आठवला, तिथून पुढे एक पाऊलही नाही, हे जमेल का?

आषाढी चौदशीच्या आधी मी व्रत घेतलं. वहीत लिहिलंय ते असं. पूर्वेला सम्मेतशिखर. उत्तरेला हस्तिनापूर. दक्षिणेला श्रवणबेळगोळ. पश्चिमेला लेकीचं गाव आणि तिच्यासमोरचं रिओ, त्यापलीकडे नाही. वाटेतल्या विमानतळांची सूट. आगार एकच, आजारपणात घरच्यांची सेवा करायला लागली तर. उद्या तिची बदली आणखी कुठे झाली तर काय, असं हे विचारत होते. तर मग मी जाणार नाही, ती येईल. हे लिहिताना हात थोडा थांबला होता. बांनीसुद्धा असंच काहीतरी गृहीत धरलं असेल. पण रेघ म्हटली की तिच्यापलीकडे काहीतरी राहणारच. माझ्या भागाला तिचा उंबरठा आला, तेवढं मला पुरे आहे.

जावयांना कळवलं, धबधबा नको. ते हसले, रागावले नाहीत. तिकिटाचे पैसे मी माझ्या दोन लाखांतूनच भरले, खर्चाच्या बाकीच्या ओळी लिहून झाल्यावर अकरा हजार उरले. त्यातून लेकीसाठी एक सुती साडी घेतली, आणि उरलेले तसेच ठेवलेत.

गेल्या आठवड्यात गेटवेच्या लाँच पुन्हा सुरू झाल्या. मी संध्याकाळी धक्क्यावर गेले होते. बा बसायच्या त्या जागेच्या आसपास आता तिकिटाच्या खिडक्या आणि चहाच्या टपऱ्या आहेत. थोडा वेळ उभी राहिले. तेवढ्यात लेकीचा फोटो आला. तिने नवं पातेलं घेतलंय, स्टीलचं, झाकणाचं. खाली लिहिलं होतं, “तुझं उकळलेलं पाणी यात. यात दुसरं काही शिजवणार नाही.”

घरी येऊन वहीत लिहिलं, पातेलं मिळालं.

परत आले की बाकीचं सांगेन. तुमच्यापैकी कुणी व्रत घेत असाल तर आधी वही घ्या, चारही दिशांना कोण कोण आहे ते लिहा, आणि मग रेघ मारा. लिहिण्यात काही चुकलं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर मनःपूर्वक मिच्छामि दुक्कडम्.